आजचं चिंतन: पाया, भिंती आणि आग

आजचं वाचन: करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ३, वचने ५ ते १५. सोबत स्तोत्र १२७.



शुक्रवारी संध्याकाळी आमच्या ऑफिसात एक सिस्टिम कायमची बंद केली. बिलिंगची. चार वर्षं मी तिच्यावर काम केलं होतं. रात्री-अपरात्री फोन आला की उठून लॅपटॉप उघडायचो. एकदा तर मिस्सा चालू असताना बाहेर येऊन चर्चच्या पायरीवर बसून बग शोधला होता. आता नवीन सिस्टिम आली, जुनी गेली. पंधरा मिनिटांचा कॉल झाला, दोघातिघांनी थँक्यू म्हटलं, संपलं. विरार लोकलच्या दाराशी उभा राहून घरी येताना डोक्यात एकच किडा वळवळत होता, की मग चार वर्षं मी केलं काय?

त्यात भर म्हणजे, जुनी सिस्टिम काढून टाकावी असा अहवाल ज्याने दिला तो माझ्याच टीममधला जुना मित्र. गेले पाच महिने आम्ही कामापुरतंच बोलतो. खरं सांगायचं तर तेवढंही नाही.

अशा मनःस्थितीत शनिवारी सकाळी आजचं वाचन उघडलं. करिंथच्या मंडळीत गट पडले होते. कोणी पौलाचे, कोणी अपुल्लोचे. पौल त्यांना समजावतो की आम्ही सगळे एकाच शेतावरचे मजूर, पाया एकच आणि तो ख्रिस्त. त्या पायावर कोण कशाने बांधतो ते शेवटी आगीत कळेल. ज्याचं बांधकाम जळेल त्याचं नुकसान होईल, पण तो स्वतः वाचेल. आणि स्तोत्र १२७ मध्ये तर सरळच आहे, घर देवाने बांधलं नसेल तर गवंड्यांचे कष्ट वाया.

हे वाचताना मला एक चर्च आठवलं आणि ते बांधणारा एक माणूस. दोघंही चीनमधले. हे चर्च अक्षरशः आगीतून गेलंय, एकदा नाही, दोनदा. आणि हा माणूस धर्मगुरू होता, पण नोकरी मात्र आपल्यासारखी आकडेमोडीची करायचा. त्यांचं नाव फादर योहान आडाम शाल. चिनी लोक त्यांना थांग रुओवांग म्हणत. आज त्यांचीच गोष्ट.

गोव्यावरून पुढे

फादर आडाम यांचा जन्म १५९२ च्या सुमारास जर्मनीतल्या कोलोनच्या एका खानदानी घरात झाला. शिक्षण येशूसंघीयांच्या शाळेत, मग रोममध्ये. १६११ मध्ये ते येशूसंघात दाखल झाले. त्याच वर्षी गॅलिलिओ रोमला आला होता आणि त्याने दुर्बिणीतून जे पाहिलं त्याबद्दल येशूसंघीयांच्या रोमन कॉलेजात त्याचा सत्कार झाला होता. म्हणजे विशीतला हा मुलगा ज्या रोममध्ये शिकत होता तिथे आकाश हा चर्चेचा विषय होता.

१६१८ मध्ये लिस्बनहून जहाज निघालं. निकोला त्रिगो नावाचे फादर चीनसाठी माणसं आणि पुस्तकं गोळा करून परत निघाले होते, त्यांच्यासोबत फादर आडाम होते. वाटेत जहाजावर तापाची साथ आली आणि काही सोबती समुद्रातच गेले. ऑक्टोबरमध्ये जहाज गोव्याला लागलं. हो, आपल्या गोव्याला. त्या काळी पूर्वेकडे जाणाऱ्या मिशनरींचा मोठा मुक्काम गोव्यातच असायचा. त्यांच्या आधी चाळीस वर्षं, १५७८ मध्ये, मातेओ रिच्ची हे इटालियन येशूसंघीयही असेच गोव्यात उतरले होते. तिथे शिकले, शिकवलं, कोचीनला त्यांची गुरुदीक्षा झाली आणि १५८२ मध्ये ते पुढे मकावला गेले.

रिच्चींचं नाव इथे मुद्दाम घेतोय. कारण फादर आडाम यांनी जे चर्च बांधलं त्याचा पाया एका अर्थाने रिच्चींनी घातला. १६०१ मध्ये ते बीजिंगला पोचले, सम्राटाला भेट म्हणून घड्याळं घेऊन. ती घड्याळं चालू ठेवायला माणूस हवा, म्हणून त्यांना शहरात राहू दिलं. मेंटेनन्सच्या कामामुळे व्हिसा टिकला म्हणा ना! १६०५ मध्ये त्यांनी शहराच्या श्वानवू दरवाजाजवळ एक घर घेतलं आणि तिथे छोटं प्रार्थनाघर केलं. दिसायला चिनी पद्धतीचंच, फक्त दारावर क्रूस. १६१० मध्ये रिच्ची वारले. परदेशी माणसाला तिथे पुरायला सम्राटाने शहराच्या वेशीबाहेर जागा दिली. झालान नावाची ती दफनभूमी लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

पंचांगाचं काम

फादर आडाम १६१९ मध्ये मकावला पोचले, पण आत चीनमध्ये जाता येईना. नुकताच मिशनरींचा छळ होऊन गेला होता, हद्दपारीचे हुकूम निघाले होते. तीनेक वर्षं मकावमध्ये चिनी भाषा शिकत काढली. मग बीजिंग, मग काही वर्षं शीआन, आणि १६३० मध्ये पुन्हा बीजिंगला बोलावणं आलं. कारण होतं कॅलेंडर.

आपल्याला वाटेल, कॅलेंडरसाठी एवढं काय? पण चीनमध्ये कॅलेंडर म्हणजे राज्यकारभाराचा कणा. सम्राट हा स्वर्गाच्या आज्ञेने राज्य करतो, तेव्हा आकाशात काय होणार हे त्याच्या दरबाराला आधी कळलंच पाहिजे. ग्रहणाची वेळ चुकली तर लोक सम्राटाकडेच शंकेने बघायचे. त्यांची कालगणना आपल्या पंचांगासारखीच चंद्र आणि सूर्य दोघांना धरून चालते, अधूनमधून अधिक महिना घालावा लागतो. त्यात छोटी चूक राहिली की ती वर्षानुवर्षं साचत जाते. राऊंडिंग एरर म्हणजे काय हे आपल्यातल्या कोडवाल्यांना सांगायला नको. जुन्या पद्धतीत अशीच चूक साचली होती.

शू ग्वांगछी नावाचे मोठे मंत्री होते, रिच्चींचे मित्र. त्यांनी स्नानसंस्कार घेतला होता. १६२९ च्या सूर्यग्रहणाची वेळ त्यांनी युरोपीय गणिताने काढली आणि ती इतरांपेक्षा बरोबर निघाली. सम्राटाने सुधारणेला मान्यता दिली. शू, फादर आडाम, फादर रो आणि त्यांचे चिनी सहकारी यांनी मिळून खगोलशास्त्राचा शंभराहून जास्त खंडांचा ग्रंथ उभा केला. १६३३ मध्ये शू गेले, १६३८ मध्ये रो गेले. ग्रंथ तयार होता, पण दरबारातल्या वादांमुळे नवीन कॅलेंडर काही लागू होईना. तयार प्रॉडक्ट रिलीज होऊ न देणारी मंडळी तेव्हाही होती.

मधल्या काळात एक अशी गोष्ट घडली जी वाचून मी अडखळलो. उत्तरेकडून मांचू सैन्य चाल करून येत होतं आणि मिंग सम्राटाने फादर आडाम यांना तोफा ओतायला सांगितल्या. त्यांनी टाळायचा प्रयत्न केला, मग कामाला लागले. सुरुवातीला वीस तोफा ओतल्या. धर्मगुरूने तोफा ओताव्यात का? मला याचं सोपं उत्तर सापडलेलं नाही आणि तुम्हाला खोटं उत्तर देणार नाही. संतांच्या गोष्टी सांगताना असे भाग आपण गाळतो. फादर आडाम यांना चर्चने संत घोषित केलेलं नाही, त्यामुळे मला ते गाळायची गरजही वाटत नाही.

१६४४ मध्ये सगळंच उलथलं. बंडखोर सैन्य बीजिंगमध्ये शिरलं, शेवटच्या मिंग सम्राटाने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला. काही आठवड्यांत बंडखोर पळाले आणि मांचू आत आले. त्यांनी शहराच्या आतल्या भागातल्या लोकांना घरं खाली करायला सांगितली. फादर आडाम यांनी अर्ज केला की माझ्याकडे पुस्तकं, उपकरणं, छपाईचे लाकडी ठसे आहेत, हलवताना सगळं मोडेल. अर्ज मंजूर झाला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला सूर्यग्रहण होतं. तीन पद्धतींनी आकडे काढले, फादरांचे बरोबर आले. नवीन राजवटीने त्यांचं कॅलेंडर स्वीकारलं आणि त्यांना खगोल खात्याचं प्रमुखपद दिलं. पंधरा वर्षं पडून असलेलं काम एका ग्रहणाने मार्गी लागलं. पूर्वी चिनी दिवसाचे शंभर भाग असत, ते आता शहाण्णव झाले, म्हणजे प्रत्येक भाग बरोबर पंधरा मिनिटांचा.

चर्च उभं राहतं

नवा सम्राट शुन्झी गादीवर आला तेव्हा सहा वर्षांचा पोर होता. मोठा होता होता त्याला या दाढीवाल्या परदेशी फादरांचा लळा लागला. तो त्यांना मांचू भाषेत आजोबा म्हणायचा. सम्राट कोणाच्या घरी जात नसे, पण शुन्झी १६५६-५७ च्या दरम्यान वीसहून जास्त वेळा फादरांच्या घरी आला. सम्राट ज्या आसनावर बसेल त्यावर पिवळं कापड घालून ते राखून ठेवायची रीत होती. हा तर वाटेल तिथे बसायचा. घरात बसायला आसनंच उरेनात, अशी आठवण सांगतात.

१६५० मध्ये रिच्चींच्या जुन्या घराला लागून फादर आडाम यांना जमीन मिळाली. दरबारातून पैसे आले, राजमातेने दिले, अधिकाऱ्यांनी आणि भाविकांनी दिले. आणि रिच्चींच्या त्या छोट्या प्रार्थनाघराच्या जागी युरोपीय धाटणीचं मोठं चर्च उभं राहायला लागलं. दोनेक वर्षांत ते पूर्ण झालं. पुढे लोक त्याला नानथांग म्हणू लागले, म्हणजे दक्षिणेचं चर्च. आज ते निष्कलंक गर्भसंभवी मरियामातेच्या नावाचं कॅथेड्रल आहे.

जरा कल्पना करा. राजवाड्याच्या शहरात, जिथे परक्याला यायलाच बंदी असे, तिथे रस्त्यावरून दिसेल असा क्रूस. १६५७ मध्ये सम्राटाने चर्चच्या आवारात स्वतःच्या नावाने शिलालेख उभारला. त्यात फादरांच्या विद्येचं आणि निष्ठेचं तोंडभरून कौतुक आहे. पण एक गंमत आहे. त्याच शिलालेखात सम्राटाने हेही लिहून ठेवलंय की स्वर्गाच्या प्रभूचा हा धर्म नेमका काय आहे ते मला काही ठाऊक नाही, त्याची पुस्तकं मी वाचलेली नाहीत. विचार करा, तुमच्याच चर्चच्या दारात सरकारी दगड आणि त्यावर कोरलंय की माणूस छान, धर्म काय ते माहीत नाही!

मला वाटतं हा फादर आडाम यांच्या आयुष्यातला सगळ्यात दुखरा भाग असावा. इतकी वर्षं जवळीक, इतक्या भेटी, तासन्‌तास गप्पा. तरी शुन्झीने स्नानसंस्कार घेतला नाही. पुढे तो बौद्ध भिक्षूंकडे वळला आणि १६६१ मध्ये देवीच्या आजाराने ऐन तेविशीत गेला. पेरणं फादरांच्या हातात होतं, उगवणं नव्हतं.

आपलेच लोक

आता तो भाग, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो.

१६४८ मध्ये बीजिंगला दोन येशूसंघीय आले. एक फादर बुल्यो, इटालियन. दुसरे फादर मागाल्याइश, पोर्तुगीज. सिचुआनमध्ये एका क्रूर बंडखोर सरदाराच्या तावडीत त्यांनी भयंकर दिवस काढले होते. ते सुटून आले आणि पाहतात तर आपला एक संघबंधू दरबारी पोशाखात, मोठ्या हुद्द्यावर. त्याच्या खात्याचं काम काय, तर कॅलेंडर काढणं. त्या कॅलेंडरात लग्नाला कोणता दिवस शुभ, प्रवासाला कोणता अशुभ, हेही छापलेलं. आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये मुहूर्त असतात तसंच. ख्रिस्ताच्या धर्मगुरूने मुहूर्त छापायचे?

प्रश्न चुकीचा नव्हता. फादर आडाम यांचं म्हणणं असं की माझी जबाबदारी गणिताची, मुहूर्ताचा भाग खात्यातले दुसरे लोक करतात. पण सही तर त्यांचीच होती. शिवाय फादरांचा स्वभावही तापट, जीभ तिखट. घरात एका नोकराचं फार चालायचं. पुढे सम्राटाच्या आग्रहाने त्या नोकराच्या मुलाला त्यांनी नातू म्हणून दत्तक घेतलं. ब्रह्मचारी धर्मगुरूचा नातू! लोकांना बोलायला आयतं निमित्त. बुल्यो आणि मागाल्याइश यांनी १६४९ मध्ये वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली. तिथून जे सुरू झालं ते वर्षानुवर्षं चाललं. पत्रं, आरोप, खुलासे, रोममध्ये ईशज्ञानाच्या पंडितांच्या समित्या. शेवटी फादरांना पदावर राहू द्यायचा निर्णय झाला, पण तोवर मनं पार फाटली होती. एकाच शहरात, एकाच संघाचे, एकाच वेदीवर मिस्सा करणारे लोक. १६५५ मध्ये त्या दोघांना सम्राटाकडून वेगळी जागा मिळाली आणि त्यांनी आपलं वेगळं चर्च बांधलं, पूर्वेचं चर्च. मी पौलाचा, मी अपुल्लोचा. करिंथ काय आणि बीजिंग काय.

साखळदंड

शुन्झी गेल्यावर गादीवर बालसम्राट कांगशी आला, पण सत्ता चार कारभाऱ्यांच्या हाती गेली. यांग ग्वांगश्येन नावाचा एक विद्वान ख्रिस्ती लोकांवर आणि नव्या कॅलेंडरवर जळून होता. कॅलेंडरच्या मुखपृष्ठावर पाश्चात्त्य पद्धतीने काढलेलं असं छापलंय, म्हणजे चीनला परक्यांच्या हाती दिलं, असा त्याचा आरोप. १६६४ मध्ये त्याने खटला भरला. राज्याविरुद्ध कट, खोटी शिकवण, आणि आणखी एक. शुन्झीचा एक तान्हा मुलगा वारला होता, त्याच्या दफनासाठी खगोल खात्याने मुद्दाम अशुभ मुहूर्त काढला आणि त्यामुळे राजघराण्यात मृत्यू ओढवले. बघा, ज्या मुहूर्तांवरून स्वतःच्या बंधूंनी टोकलं होतं, तेच आता गळ्याशी आले.

त्या वर्षीच फादर आडाम यांना पक्षाघात झाला होता. वय सत्तरीच्या पुढे. शरीर लुळं, जीभ जड. जन्मभर ज्या जिभेने दरबार गाजवला ती वेळेला चालेना. त्यांच्या वतीने तरुण फादर फर्बीस्ट बोलत. साखळदंड घालून चौघांना चौकशीला नेत. चौथे-तिसरे कोण? बुल्यो आणि मागाल्याइश. तक्रार करणारे आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार केली तो, एकाच खटल्यात, बेड्या घातलेले.

एप्रिल १६६५ मध्ये फादर आडाम यांना शिक्षा सुनावली, जिवंतपणी शरीराचे तुकडे करून मारायची. त्याच दिवसांत, १६ एप्रिलला, बीजिंगला भूकंपाचा मोठा धक्का बसला. आकाशात धूमकेतू दिसला होता, राजवाड्यात आग लागली. दरबार हादरला. राजमातेने मध्ये पडून या म्हाताऱ्या फादरांची बाजू घेतली आणि ते सुटले. पण त्यांच्या खात्यातल्या पाच चिनी ख्रिस्ती खगोलतज्ज्ञांना सूट मिळाली नाही. त्यांची डोकी उडवली. त्यांत ली झूबाय नावाचे अधिकारी होते. परदेशी फादरांची नावं इतिहासात मोठ्या अक्षरांत येतात, या पाच जणांची येत नाहीत. आज प्रार्थनेत त्यांची आठवण ठेवूया.

नानथांगचं आवार यांगच्या ताब्यात गेलं. स्वतः बांधलेल्या चर्चशेजारी राहायचा हक्क फादर आडाम यांना उरला नाही. मग ते गेले कुठे? पूर्वेच्या चर्चला. बुल्यो आणि मागाल्याइश यांच्या घरी. त्यांनीच त्यांना ठेवून घेतलं.

तिथे जुलै १६६५ मध्ये एक गोष्ट घडली. फादर आडाम यांनी आपल्या संघबंधूंसमोर आपल्या चुकांची कबुली दिली. स्वतः धड बोलता-लिहिता येत नव्हतं, म्हणून फर्बीस्ट यांनी ती लिहून घेतली. त्या नोकराला दिलेली मोकळीक, दत्तक नातवाचं प्रकरण, पैशाचा खर्च, बंधूंशी वागण्यातला कडवटपणा, सगळ्याबद्दल क्षमा मागितली. हा तो माणूस, ज्याला सम्राट आजोबा म्हणायचा, ज्याच्या छातीवर पहिल्या दर्जाच्या अधिकाऱ्याचं पदक होतं. मला विचाराल तर बीजिंगमधलं त्यांचं सगळ्यात मोठं बांधकाम त्या दिवशी झालं.

वर्षभराने, १५ ऑगस्ट १६६६ रोजी, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, फादर आडाम वारले. चर्च बंद, कॅलेंडर रद्द, बाकीचे बहुतेक मिशनरी दूर दक्षिणेत ग्वांगझोऊला नजरकैदेत. त्या दिवशीचा हिशोब मांडला तर सगळं शून्य.

नंतर

दोनच वर्षांनी तरुण कांगशीने स्वतः परीक्षा घेतली. ठरावीक उंचीच्या काठीची सावली दुपारी कुठे पडेल ते आधी सांगायचं. फर्बीस्ट यांचं उत्तर बरोबर आलं. यांगला आकडेमोड जमतच नव्हती. १६६९ मध्ये फादर आडाम यांच्यावरचे आरोप रद्द झाले, त्यांचे सन्मान परत मिळाले आणि झालानच्या दफनभूमीत, रिच्चींच्या जवळ, राजाच्या खर्चाने त्यांची कबर बांधली गेली. त्यांची कालगणना पुढे राजवट संपेपर्यंत, म्हणजे अडीचशेच्या आसपास वर्षं, सुधारणा होत चालत राहिली.

आणि चर्च? त्याची गोष्ट ऐका. १७०३ मध्ये नव्याने मोठं बांधलं. १७२० च्या भूकंपात पडलं. पुन्हा बांधलं. १७३० च्या भूकंपात मोडलं. डागडुजी झाली. १७७५ मध्ये जळलं. छियानलोंग सम्राटाने दहा हजार ताएलच्या आसपास चांदी दिली, पुन्हा बांधलं. १८३८ मध्ये बंद झालं. १८६० मध्ये उघडलं. १९०० मध्ये बॉक्सर बंडात पुन्हा जळालं. १९०४ मध्ये पुन्हा उभं राहिलं, तेच आज आहे. बीजिंगला गेलात तर श्वानवू दरवाजाच्या मेट्रो स्टेशनजवळच आहे, रविवारी मिस्सा असते. फादर आडाम यांनी रचलेल्या भिंती आज कुठेच नाहीत. जागा मात्र तीच आहे, आणि तिथे आलेले भाविक आहेत.

झालानची दफनभूमीही १९०० मध्ये उद्ध्वस्त झाली होती. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात कबरीवरचे दगड फोडायला जमाव आला तेव्हा ते फोडण्याऐवजी जमिनीखाली पुरले गेले. पुरले म्हणून वाचले. पुढे ते वर काढून पुन्हा उभे केले. आज रिच्ची, आडाम शाल आणि फर्बीस्ट यांच्या कबरी एका सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या आवारात शेजारी शेजारी आहेत.

मी काय घेतलं

आमच्या वसईच्या किल्ल्यातही येशूसंघीयांच्या चर्चचा दर्शनी भाग उभा आहे. आत छप्पर नाही, गवत आहे. लहानपणी आजीबरोबर तिथे गेलो की मी विचारायचो, हे कोणी पाडलं? आजी म्हणायची, पाडू दे, आपण आहोत ना. तेव्हा ते उत्तर मला टाळाटाळ वाटायचं. आता वाटतं की पौलाने करिंथकरांना जे लिहिलं तेच आजी दोन शब्दांत सांगत होती.

माझी बिलिंगची सिस्टिम म्हणजे काही नानथांग नव्हे, एवढं कळतं मला. पण प्रश्न तोच आहे. काम जळतं तेव्हा काय उरतं? फादर आडाम यांच्या आयुष्यात तोफा जळून गेल्या, हुद्दा गेला, मैत्री असलेला सम्राट गेला, भिंती गेल्या. उरलं ते बरोबर गणित, कारण ते खरेपणाने केलं होतं. आणि उरली ती जुलै महिन्यातली क्षमायाचना. पौल म्हणतो तसं, काम जळालं तरी माणूस वाचू शकतो. कसा वाचतो, ते मला त्या पूर्वेच्या चर्चमधल्या खोलीत दिसलं.

हेही लक्षात आलं की बुल्यो आणि मागाल्याइश यांचा आक्षेप पूर्ण चुकीचा नव्हता. माझ्या मित्राचा अहवालही नव्हता. सिस्टिम खरंच जुनी झाली होती. मला राग आला तो तो चुकला म्हणून नाही, तो बरोबर होता म्हणून.

आजची कृती

तुमच्या कामाच्या ठिकाणी, घरात किंवा धर्मग्रामाच्या युवा गटात असा एकजण असेल ज्याच्याशी तुम्ही कामापुरतंच बोलता. आज त्याला एक मेसेज करा. खुलासा नको, हिशोब नको. माझा मेसेज कालपासून ड्राफ्टमध्ये पडून आहे. ही पोस्ट टाकायच्या आधी तो पाठवायचा, असं मी स्वतःला बजावलंय. तुम्ही हे वाचताय, म्हणजे तो गेलाय.

प्रार्थना

प्रभू येशू, आमच्या कामाचा पाया तू आहेस हे आम्ही पुन्हा पुन्हा विसरतो. आम्ही रचलेलं टिकलं तर आम्हाला गर्व होऊ देऊ नकोस, कोसळलं तर आम्हाला कडवट होऊ देऊ नकोस. ज्यांच्याशी आमचं बिनसलंय त्यांच्या दारी जायची हिंमत दे, साखळदंड पडायची वाट बघायला लावू नकोस. फादर आडाम यांना, त्या पाच खगोलतज्ज्ञांना आणि चीनमधल्या आमच्या बंधुभगिनींना तुझ्या शांतीत ठेव. आमेन.

उद्या पुन्हा भेटू.